गभणे मॅडम आणि साखरबाईचं लगन

गभणे मॅडमचा तास चालू असला की शेजारच्या वर्गात मला कविता शिकवता येत नसे. भिंतीपलीकडून हसण्याचे असे लोट यायचे की माझ्या वर्गातली मुलं आधी गालातल्या गालात आणि मग उघडच हसायला लागायची. विनोद काय झाला हे इकडे कोणालाच ठाऊक नसायचं. एकदा मी तावातावाने तक्रार करायला गेले. दारातून पाहते तर मॅडम खुर्चीवर उभ्या. पदर खोचलेला, चिमटीत एक टम्म फुगलेला मनुका. तो सगळ्या वर्गाला दाखवत त्या विचारत होत्या की हा काल पाण्यात उतरला तेव्हा म्हातारा होता, आज जवान होऊन कसा निघाला. मुलं एकेक कारण सांगत होती आणि प्रत्येक कारणावर मॅडम स्वतःच आधी हसत होत्या. मी तक्रार विसरले आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. शेवटी मुख्याध्यापकांनी येऊन मला आठवण करून दिली की माझा वर्ग मैदानात कबड्डी खेळतो आहे.

आमची शाळा आंधळगावजवळची. मी मोहाडीहून बसने यायची, मॅडम आंधळगावातच भाड्याच्या घरात राहायच्या आणि पायी यायच्या. बुटक्या, रुंद, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. हसू आलं की त्यांना काहीतरी धरावं लागे, खिडकीचा गज, टेबल, नाहीतर माझा खांदा. माझा डावा खांदा त्या काळात कायम दुखायचा.

स्टाफरूमच्या खिडकीवर त्यांच्या वाट्या मांडलेल्या असत. एका वाटीत भिजलेले हरभरे, एकीत मिठाच्या पाण्यात पडलेल्या बटाट्याच्या लुळ्या फोडी, एकीत मीठ लावून पाणी सुटलेली काकडी. तास झाला की बटाटा सोडून बाकीचे सगळे प्रयोग त्या खाऊन टाकायच्या. विज्ञानाचं साहित्य खाल्लं म्हणून एका तपासणीत त्यांना विचारणा झाली होती. त्यावर त्यांनी गंभीरपणे उत्तर दिलं होतं की साहित्य वाया गेलेलं नाही, ते एका पेशीसमूहातून दुसऱ्या पेशीसमूहात गेलं आहे.

पेशीवर त्यांचा जीव होता. फूल कसं उमलतं, पाऊस कसा पडतो हे त्या नेमून दिल्याप्रमाणे शिकवायच्या. पण पेशीत वस्तू आत कशी जाते आणि बाहेर कशी येते हा धडा आला की त्यांना चढायचीच. त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता: आत काय, बाहेर काय, अन् मधात कोन? मुलांनी वहीत पेशीभोवती जाड रेघ काढली की त्या खोडरबर घेऊन धावत. म्हणायच्या, "भिंत कोनीबी बांधते बावा. दार ठेवाले डोकं लागते." पेशीचं कातडं म्हणजे भिंत नव्हे, तो एक पातळ पडदा आहे, आणि त्यात जागोजागी दारं आहेत. पाणी सटकन जातं-येतं, मोठ्या वस्तूला ओळख दाखवावी लागते, कोणाला ढकलत न्यावं लागतं. हे सगळं त्या दोन बाकांच्या मधल्या जागेत मुलांना उभं करून, ढकलून, अडवून दाखवायच्या. त्या धड्याच्या आठवड्यात शाळेतल्या बऱ्याच मुलांच्या सदऱ्यांची बटणं तुटायची.

मुख्याध्यापक लांजेवार सर याच धड्याच्या तडाख्यात सापडले होते. सर कट्टर शाकाहारी. अंडं हा शब्दही त्यांच्या तोंडून निघत नसे, 'ते' म्हणायचे. मॅडमनी एक 'ते' व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं होतं. कवच विरघळून गेलं की आतला पडदा तेवढा उरतो, आणि पाण्यात ठेवलं की ते फुगून लिंबाएवढ्याचं मोसंबीएवढं दिसायला लागतं. मऊ, लुसलुशीत, उजेडात धरलं तर आतून पिवळं चमकणारं. मॅडम ते सरांच्या टेबलावर विसरल्या. सरांना साहेबांचा फोन आला. बोलता बोलता त्यांनी ते हातात घेतलं, दाबून पाहिलं, आवडलं असावं, म्हणून या हातातून त्या हातात घेत राहिले. आम्ही दोघी आत आलो तेव्हा सर फोनवर शाळेच्या स्वच्छतेबद्दल बोलत होते. मॅडमनी माझा खांदा धरला. त्यांना हसण्यामुळे बोलता येईना, आणि मला बोलायचं धैर्य होईना. फोन खाली ठेवून सरांनी विचारलं की हा बॉल खेळाच्या साहित्यात आला आहे का. तेव्हा मॅडम कशाबशा म्हणाल्या, "सर, ते 'ते' हाय." सरांची मूठ आपोआप आवळली गेली.

त्या दिवशी सरांनी डबा खाल्ला नाही. मात्र प्रयोग बंद करा असंही म्हणाले नाहीत. फक्त यापुढे वाटीवर चिठ्ठी लावावी, एवढीच सूचना आली. म्हणून आमच्या खिडकीत पुढे कायम एक चिठ्ठी असायची: 'यात ते आहे.'

मॅडमचे यजमान दिगांबरभाऊ. नाकीडोळी देखणे, बोलायला कमी, आणि ओठांवर झुपकेदार मिशी. आंबागडला किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांची धानाची शेती होती, ती भावाबरोबर पाहायची आणि उरलेला वेळ आंधळगावात बायकोच्या हसण्यात काढायचा, असं त्यांचं आयुष्य. बायकोला तेही 'मॅडम'च म्हणायचे.

त्यांच्या लग्नाची गोष्ट मॅडमनी मला बसथांब्यावर उभ्या उभ्या सांगितली होती. मॅडम मूळच्या नाकाडोंगरीच्या. कॉलेजात असताना त्या मावशीच्या गावी मंडईला गेल्या. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, लेकी-जावई येतात, जिलेबीची दुकानं लागतात आणि भर दुपारी दंडार, म्हणजे आमचं नाचगाण्याचं नाटक, होते. दंडारीत बाईचं काम पुरुषच करतात. मॅडमना हे माहीत होतं, पण त्या दिवशी जी नाचणारीण आली ती पाहून त्यांना काही केल्या पटेना. अशी मान, असा पदर, अशी लाजण्याची तऱ्हा. "मले त्या बाईचा असा राग आला का इचारू नको," त्या म्हणाल्या. दंडार संपल्यावर त्या मुद्दाम मागच्या बाजूला पाहायला गेल्या, तर ती नाचणारीण उकिडवी बसून बिडी ओढत होती. मॅडमनी तिथल्या तिथे ठरवलं की लग्न करीन तर हिच्याशीच.

वडिलांनी नाही म्हटलं नाही. अट घातली. पोरगी देतो, पण जावई नाच्या म्हणून गावात मिरवायचा नाही. दिगांबरभाऊंनी घुंगरू काढून ठेवले आणि मिशी वाढवली. त्या मिशीकडे पाहून लोकांनी हळूहळू जुनं सगळं विसरावं असा बेत होता, आणि लोक विसरलेही. मॅडम एवढ्याच म्हणाल्या, "ज्याच्यावर भुलली तेच दाराबाहेर ठेवलं, अन् नवरा घरात आनला." पुढे त्या हसतील म्हणून मी खांदा सावरून उभी राहिले. पण बस आली.

आता मुख्य गोष्ट सांगते.

शाळेमागच्या तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, ढिवरांची वस्ती आहे. तलावातली मासोळी धरायची, शिंगाडे काढायचे, त्यावर त्यांचं चालतं. तिथला शालिक मेश्राम हा गावच्या दंडारीचा हिरो. त्याची मुलगी रंजू मॅडमच्या वर्गात होती. एका पावसाळ्यात रंजू शाळेत आली नाही. हगवण लागली आहे असं कळलं. मधल्या सुट्टीत मॅडम निघाल्या, सोबत मी.

रंजू खाटेवर पडली होती. डोळे खोल गेलेले, ओठांना पापुद्रे आलेले. मॅडमनी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. उशाशी तिची आजी धुरपताबाई ओल्या फडक्याने पोरीचं कपाळ पुसत होती. पोरगी पाणी मागत होती आणि म्हातारी देत नव्हती. तिचं म्हणणं सरळ होतं, की जेवढं पाजलं तेवढं निघून जातं, मग पाजायचंच कशाला. ती दुष्ट नव्हती. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

मॅडम तिथे वाद घालत बसल्या नाहीत. शालिकला ऑटो आणायला पाठवलं, शेजारणीकडून साखर-मीठ मागून पाणी कालवलं आणि भंडाऱ्याला पोचेपर्यंत चमच्या-चमच्याने पाजत राहिल्या. दवाखान्यात सलाईन लागलं. रंजू वाचली. काही दिवसांनी दोन वेण्या घालून शाळेतही आली.

त्याच दरम्यान चाचणीचे पेपर तपासायचे होते. मॅडमनी एक पेपर माझ्यासमोर ठेवला. रंजूचा, आजारी पडण्याआधीचा. मनुका पाण्यात का फुगतो या प्रश्नाला तिने आकृतीसकट अचूक उत्तर लिहिलं होतं. मॅडमनी पैकीच्या पैकी गुण दिले होते.

"पेपरात पानी आत गेलं व बाई," त्या म्हणाल्या, "अन् पोरीच्या तोंडात नाई गेलं."

त्या दिवशी माझ्या शेजारच्या वर्गात शांतता होती. माझी मुलं अस्वस्थ झाली. कविता चांगली झाली, पण कोणाचं लक्ष नव्हतं.

मग मॅडम वस्तीत सांगायला जाऊ लागल्या. बायका चहा द्यायच्या, माना हलवायच्या. आरोग्याच्या ताईंनी दिलेली साखर-मिठाची पाकिटंसुद्धा घरोघरी होती, डब्यात नीट जपून ठेवलेली. सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि कोणी करत नव्हतं. असं कितीतरी दिवस फिरल्यावर एका संध्याकाळी त्यांनी पाहिलं की शालिक पाळीवर दंडारीची गाणी म्हणतो आहे आणि अख्खी वस्ती, धुरपताबाईसकट, तोंड उघडं टाकून ऐकते आहे. दुसऱ्या दिवशी मला खिडकीशी बोलावून त्यांनी सांगितलं की आपण दंडार लिहायची. लिहायची म्हणजे मी लिहायची. मराठीची बाई मी होते.

गोष्ट त्यांनीच सांगितली. आपल्या आतड्याच्या पेशीला एक अजब दार आहे. तिथे साखर एकटी आली तर आत जाता येत नाही, सोबत मीठ लागतं. दोघं जोडीने आली की दार उघडतं, आणि ती आत गेली की त्यांच्या मागोमाग पाणी जातं. म्हणून नुसतं पाणी पाजून भागत नाही, साखर-मिठाचं पाणी लागतं. म्हणजे ही सरळ लग्नाची गोष्ट आहे, असं मॅडमचं म्हणणं. साखरबाई नवरी, मीठराव नवरदेव, पाणी म्हणजे वऱ्हाड. गावाचं नाव आतडेपूर. वेशीवर राखणदार.

दोन दिवसांनी त्या हिरमुसून आल्या. रात्रभर विचार करून त्यांना वाटत होतं की आपण मुलांना खोटं सांगतो आहोत, कारण मिठाला आत जायला आणखीही वाटा असतात. मी म्हटलं की दंडारीत एवढं कोण पाहतं. तर त्या माझ्यावर चिडल्या. मग त्यांनीच तोड काढली. हगवणसिंग नावाचा डाकू येतो आणि गावाची बाकी सगळी दारं बिघडवून टाकतो, पाणी बाहेर पळवतो. पण हे जोडीचं दार त्याला मोडता येत नाही. हे वैद्यकातही खरं आहे, असं म्हणून त्या इतक्या हसल्या की लांजेवार सर पाहायला आले.

सरांना कथा सांगितली. त्यांची पहिली हरकत अशी होती की शाळेच्या नावाखाली हगवण हा शब्द येऊ नये. दुसरी हरकत त्यांनी बऱ्याच वेळाने, घसा साफ करून सांगितली: राखणदाराचं काम कोण करणार. मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं आणि सगळं समजून घेतलं. त्या दिवसापासून सर रोज माझ्याकडे येऊन राखणदाराला आणखी दोन वाक्यं देता येतील का विचारू लागले.

पडदा म्हणून शालिकचं जाळं घ्यायचं ठरलं. बांबूंना बांधून मैदानाच्या मधोमध उभं करायचं. हगवणसिंग गावचा गिरणीवाला होणार होता, मीठराव शालिक, पाण्याच्या घोळक्यात शाळेच्या पोरी आणि पुढे रंजू. प्रमाण गाण्यात बसवलं होतं. लिटरभर पाण्यात साखर सहा चमचे, मीठ सपाट अर्धा, म्हणून साखरबाईकडून सहा करवल्या येणार आणि मिठाकडचा माणूस अर्धाच धरायचा. शालिकला हे अजिबात आवडलं नव्हतं.

अडलं साखरबाईवर. दंडारीत बाईचं काम करणारा मुलगा नागपूरला कामाला गेला होता. मॅडम घरी जाऊन नवऱ्याला काय बोलल्या मला माहीत नाही. काही बोलल्याच नसतील. रोज जेवताना त्या फक्त गाणं गुणगुणायच्या आणि मुद्दाम चुकवायच्या, एवढं मला दिगांबरभाऊंनी पुढे सांगितलं. ते बेसूर ऐकवेना. एका सकाळी मॅडम अंगणात भांडी घासत होत्या तर ते घरातून बाहेर आले. मिशी नव्हती.

त्या दिवशी मॅडम शाळेत उशिरा आल्या. हसल्या नाहीत. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "तीच बाई हाय व. तशीच्या तशी."

मंडईचा दिवस उजाडला. मॅडमचे वडील नाकाडोंगरीहून लेकीकडे पाहुणे आले होते. जावयाची मिशी गेलेली त्यांनी पाहिली आणि चहा पिताना दोनदा त्याच्या ओठांकडे बघितलं. मैदानात ऊस, जिलेबी, चिवड्याची दुकानं लागली होती. जाळं उभं राहिलं होतं. लांजेवार सर सकाळपासून भाला घेऊन त्याच्या शेजारी उभे होते. आणि तेवढ्यात बातमी आली की शालिकला हगवण लागली.

मंडईच्या आदल्या दिवशीपासून त्याने कुठे काय खाल्लं होतं कोण जाणे. मॅडम धावल्या. त्यांना धावताना मी पहिल्यांदाच पाहत होते. वाटेत त्या स्वतःशी बोलत होत्या की म्हातारी याचंही पाणी बंद करून बसली असेल.

आम्ही खोलीत शिरलो तर शालिक खाटेवर आडवा, आणि धुरपताबाई त्याच्या उशाशी गडू घेऊन बसलेली. ती तालमीचं गाणं म्हणत होती आणि प्रत्येक ओळीला पोराच्या तोंडात एक चमचा सोडत होती.

एकटी साखर दारी आली, राखनदारानं वापस केली,
एकटं मीठ दारी आलं, त्यालेबी त्यानं वापस केलं,
हात धरून दोघं आले, दार आपसूक उघडं झालं,
पान्याचं वऱ्हाड मागून आलं.

शालिक मधेच तोंड फिरवायचा, मग ती त्याचं थोबाड धरून सरळ करायची. मॅडमना दम लागला होता. त्यांनी गडूत बोट बुडवून चाखलं, आणि सवयीने सांगायला लागल्या की मीठ जास्त पडता कामा नये, पाणी आसवांपेक्षा खारट लागू नये, करण्याआधी चाखून पाहावं.

धुरपताबाईने चमचा थांबवला नाही.

"आसवाची चव मले नको शिकवू मॅडम," ती म्हणाली. "तू जाय. तुहं लगन खोळंबलं."

मॅडमनी माझा खांदा धरला. मला वाटलं हसताहेत. नंतर पाहिलं तर हसतही होत्या.

परत येताना प्रश्न होता मीठरावाचा. ते काम शालिकशिवाय कोणाला पाठ नव्हतं. म्हणजे मॅडमना होतं, तालमीत मागून सांगायचं काम त्याच करत होत्या. पण दंडारीत पुरुषाने बाई व्हायचं असतं, बाईने पुरुष व्हायचं हे आमच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. मॅडमनी शालिकचा पांढरा सदरा साडीवरूनच चढवला, त्याचा पांढरा फेटा बांधला, आणि माझ्या काजळाच्या डबीत बोट घालून झुपकेदार मिशी काढली. आरशात पाहून त्यांनी एकच शंका विचारली, की घरातली मिशी गेली तर गेली, ही शोभते का.

ढोलकी वाजली. साखरबाई आली तेव्हा मैदानात आवाज थांबला. मी एवढी वर्षं दिगांबरभाऊंना पाहत होते, धानाची पोती उतरवताना, बायकोच्या मागून पिशवी घेऊन चालताना. हा माणूस मी कधी पाहिलेला नव्हता. मान कलली, पदर सरकला, आणि पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बाया एकमेकींना कोपरांनी ढोसायला लागल्या. कोणीतरी दिगांबर, दिगांबर असं हळूच म्हटलं. लोक विसरले नव्हते.

साखरबाई दाराशी गेली. लांजेवार सरांनी भाला आडवा धरून माझ्या लिहिण्यात नसलेलं भलंमोठं भाषण केलं आणि तिला परत पाठवलं. मग मीठराव आला. फेट्याखालचं तोंड ओळखायला लोकांना क्षणभर लागला, आणि मग जे हसू फुटलं ते जिलेबीवाल्यांनी कढई सोडून येऊन पाहिलं. सरांनी त्यालाही परत पाठवलं. गिरणीवाला हगवणसिंग पोरींना जाळ्याबाहेर हाकलत पळत होता. लहान मुलं घाबरून रडत होती, मोठी शिट्ट्या मारत होती.

मग लग्न. नवरी बनलेला नवरा आणि नवरदेव बनलेली बायको, मध्ये धोतराचा अंतरपाट. प्रेक्षकांत अक्षता वाटल्या होत्या. ढोलकीवाल्याने मंगलाष्टकाची चाल धरली. माझं लक्ष पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याकडे होतं. मॅडमचंही असावं, कारण अंतरपाटाच्या वरून त्या तिकडेच पाहत होत्या. काजळाची मिशी घामाने हनुवटीकडे निघाली होती. त्यांचे वडील काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते, ओठ घट्ट. हातातल्या अक्षता तशाच. पहिलं अष्टक झालं, दुसरं झालं. सगळ्यांनी अक्षता टाकल्या, त्यांनी नाही.

दिगांबरभाऊ त्या वेळी वर पाहत नव्हते. नवरी जशी खाली पाहते तसे खाली पाहत होते. 

म्हातारा उठला. काठी टेकत टेकत मैदानात गेला. अंतरपाट धरणारे बाजूला झाले. त्याने आधी लेकीच्या फेट्यावर अक्षता टाकल्या. मग जावयाकडे वळून त्याने त्याचा डोक्यावरून घसरलेला पदर नीट केला, आणि उरलेल्या अक्षता त्याच्यावर सोडल्या. वळून जागेवर जाऊन बसला, आणि जणू काही झालंच नाही अशा आवाजात त्याने राखणदाराला दार उघडायला सांगितलं.

सरांच्या संवादात हे नव्हतं. तरी त्यांनी उघडलं.

साखर-मीठ हातात हात घालून आत गेले. मागून वऱ्हाड जायचं होतं, रंजू पुढे आणि पाण्याच्या पोरी मागे. रंजू धावली. पण तिच्यामागे पोरींऐवजी अख्खी मंडई उठली. करवल्या उठल्या, पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या उठल्या, उसाची कांडी घेतलेली पोरं उठली, हगवणसिंगसुद्धा आपण डाकू आहोत हे विसरून नाचत आत शिरला. त्या दारातून एकावेळी दोन माणसं जातील एवढीच जागा होती. बांबू वाकले, जाळं फुगलं, फुगत फुगत गेलं आणि सगळंच्या सगळं लांजेवार सरांवर येऊन बसलं. जाळ्याखालून भाल्याचं टोक हलताना दिसत होतं, आणि सरांचा आवाज आला, शांत, शिकवलेलं नीट समजलेल्या माणसाचा:

"मॅडम, पेशी फुटली."

मॅडमना त्या वेळी धरायला काहीच सापडलं नाही. त्या मैदानाच्या मधोमध खाली बसल्या आणि नवरीच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हसत राहिल्या.

शालिक दोन दिवसांत हिंडू-फिरू लागला. आपल्या भूमिकेत बाईने कशी माती केली हे तो आजही गावाला ऐकवतो. दिगांबरभाऊंनी पुन्हा मिशी ठेवली नाही. पुढच्या वर्षी तीन गावांनी दंडारीसाठी बोलावणं धाडलं. वस्तीत पुढच्या पावसाळ्यात हगवण आली, नेहमीसारखीच, आणि घराघरातून ते गाणं ऐकू आलं. मॅडम पाळीवर उभ्या राहून ते ऐकत होत्या आणि कोण चालीत चुकतंय ते मला सांगत होत्या.

मग मॅडम निवृत्त झाल्या आणि दोघं आंबागडला शेतावर राहायला गेली. खिडकीतल्या वाट्या नव्या सरांनी धुऊन कपाटात ठेवल्या. माझे तास शांततेत होऊ लागले.

गेल्या उन्हाळ्यात मी आंबागडला गेले. अंगणात कोणी नव्हतं. शेजारणीने हाताने गावाभोवती एक वेटोळं काढून दाखवलं आणि म्हणाली की थांबा, येतीलच. मॅडमनी बॅटरीवर चालणारी स्कूटर घेतली होती. स्वतः चालवायला शिकल्या होत्या आणि आता यजमानांना शिकवत होत्या. त्या गाडीला आवाज नसतो, म्हणून आधी मला मॅडमचंच बोलणं ऐकू आलं, घरांच्या मागून, जवळ येत. मग वळणावरून दोघं दिसली. पुढे दिगांबरभाऊ, ताठ, डोळे विस्फारलेले. मागे मॅडम, एका हाताने त्यांचा खांदा धरून. मला पाहून त्यांनी दुसरा हात हलवला आणि जाता जाता सांगितलं, "बस, चहा ठेव, याले थांबवता नाई येऊन राहिलं."

मी आत जाऊन चहा ठेवला. आणखी एकदा ती दोघं दारावरून गेली, या वेळी उलट बाजूने, मागे कोंबड्या पळत. मी कप घेऊन ओट्यावर येऊन उभी राहिले. उन्हात किल्ल्याकडे जाणाऱ्या वाटेवर ती दोघं चालली होती, लहान होत. ब्रेक डाव्या हाताला आहे, असं मॅडम ओरडून सांगत होत्या, आणि दिगांबरभाऊ डाव्या हाताने मला टाटा करत होते.